नाव बदललं तरी मजकूर तोच: थोरांची चरित्रं एकसारखी का होतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही शाळेच्या भित्तिपत्रकासाठी दर आठवड्याला एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहिता. वीस-पंचवीस लिहून झाली आणि आता ती सगळी एकाच साच्यातली वाटतात: हलाखीचं बालपण, जिद्द, लोकांचा विरोध, शेवटी यश. नाव बदललं तरी मजकूर तोच. असं का होतं, एखाद्याचं कर्तृत्व नेमकं कसं मांडायचं, आणि त्याच्याभोवती जमलेल्या दंतकथा ठेवायच्या की गाळायच्या, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली सव्वीस वर्षं चरित्रकोशासाठी नोंदी लिहिते आणि दुसऱ्यांच्या तपासते. बहुतेक नोंदी वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रातल्या माणसांच्या. उदाहरणंही तिथलीच देईन, कारण ती कागदपत्रं मी स्वतः उलटीपालटी करून पाहिली आहेत.

मजकूर एकसारखा होतो याचं कारण माझ्या मते सरळ आहे. आपण माणसाचे गुण लिहितो आणि काम लिहायचं राहून जातं. गुणांची नावं मोजकीच आहेत. जिद्द, चिकाटी, त्याग, ध्येयवेड. तेच चार शब्द सगळ्यांना वाटून द्यावे लागतात. काम मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि त्याचा तपशील दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. माझी पहिली नोंद संपादकांनी परत पाठवली होती. ‘अथक परिश्रमांनी’ या शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘म्हणजे काय केलं? कधी?’ ते दोन प्रश्न मी आजही प्रत्येक वाक्याला विचारते.

आता एक आयुष्य जवळून पाहू. इग्नाझ सेमेलवाइस. त्याचं चरित्र बहुधा असं सांगतात: हात धुवा म्हणणारा डॉक्टर, जगाने त्याला वेड्यात काढलं, वेड्यांच्या इस्पितळात तो मेला, आणि पुढे तोच बरोबर ठरला. यातलं काहीही धादांत खोटं नाही. पण सेमेलवाइसने केलं काय, ते यात कुठेच नाही.

तो १८१८ साली हंगेरीतल्या बुडा इथे जन्मला. १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींच्या पहिल्या विभागात साहाय्यक डॉक्टर म्हणून लागला. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कुठल्या दिवशी कोणत्या विभागात दाखल करायचं हे ठरलेलं असे. त्या वर्षी पहिल्या विभागात शेकडा ११.४ बायका दगावल्या, दुसऱ्यात शेकडा २.८. इमारत तीच, शहर तेच, हवा तीच. हा फरक शहरातल्या बायकांनाही ठाऊक होता. पहिल्या विभागाचा वार आला की त्या गुडघे टेकून विनवण्या करत, आम्हाला तिकडे नका नेऊ म्हणून. रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकाही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा जास्त वाचत होत्या.

सेमेलवाइसचं खरं काम इथून सुरू होतं. त्याने एकेक कारण घेतलं आणि तपासून बाजूला ठेवलं. गर्दीमुळे होतं म्हणावं, तर दुसऱ्या विभागात गर्दी जास्त. हवेतल्या दोषामुळे म्हणावं, तर हवा दोन्हीकडे एकच. कुणी म्हणालं, मरणाऱ्यांसाठी येणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागाच्या खोल्यांमधून जातो, त्या भीतीने बायका खचतात. सेमेलवाइसने पाद्र्याला दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला सांगितलं. मरणं तेवढीच राहिली. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत होत, म्हणून इकडेही तसं करून पाहिलं. काही फरक नाही.

मुलांना हे सांगा. पाद्र्याची घंटा बंद करून पाहणं आज हास्यास्पद वाटेल, पण ज्याला उत्तर माहीत नाही त्याने असंच शोधायचं असतं. चरित्रात नेमका हाच भाग वगळला जातो, कारण तो फसलेल्या प्रयत्नांचा भाग असतो.

मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइस तेव्हा व्हेनिसला गेला होता. परत आल्यावर त्याने कोलेच्काच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्यात त्याला ओळखीचं चित्र दिसलं: बाळंतिणींच्या प्रेतांत जे दिसायचं तेच. पहिल्या विभागातले विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. मेच्या मध्यापासून त्याने विभागात शिरण्याआधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. ते द्रावण का निवडलं? प्रेताचा वास नुसत्या साबणाने हातावरून जात नसे, या द्रावणाने जाई. एप्रिलमध्ये शेकडा १८.३ बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये २.२, जुलैमध्ये १.२. पुढच्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत त्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही.

मग लोकांनी ऐकलं का नाही? ‘समाज अज्ञानी होता’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. विरोध करणारे युरोपातले शिकलेसवरलेले डॉक्टर होते. त्यांची बाजू नीट मांडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही असं मी मानते.

पहिलं म्हणजे सेमेलवाइसने स्वतः लिहिलंच नाही. डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये त्याच्या शोधाची बातमी छापली ती फर्डिनांड फॉन हेब्रा या त्याच्या मित्राने. व्हिएन्नाच्या वैद्यक मंडळापुढे सेमेलवाइसचं व्याख्यान झालं ते थेट मे १८५० मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो मित्रांचा निरोपही न घेता हंगेरीतल्या पेस्तला निघून गेला. ज्यांनी त्याची बाजू लावून धरली होती ते उघड्यावर पडले. त्याचा ग्रंथ निघाला १८६१ मध्ये, म्हणजे शोधानंतर १४ वर्षांनी. त्याआधी अर्धवट, ऐकीव माहितीवर मतं बनून गेली होती. कुणाला वाटलं तो फक्त प्रेतातल्या विषाबद्दल बोलतोय, आणि आमच्याकडे तर प्रसूतिगृहाचे डॉक्टर शवविच्छेदन करतच नाहीत. इंग्लंडमधल्या डॉक्टरांना वाटलं, यात नवीन ते काय? बाळंतज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर येणारा हाच जीवघेणा ताप, डॉक्टर-सुइणींच्या मार्फत पसरतो हे अॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्ये आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८४३ मध्ये लिहिलं होतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. सेमेलवाइसचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे आजवर आपल्याच हातांनी किती बायका मारल्या हे मान्य करायचं. कील शहरातल्या गुस्टाव मिखाएलिस या प्रसूतितज्ज्ञाने ते मान्य केलं. त्याने स्वतः तपासलेली त्याची नातलग बाई बाळंतज्वराने गेली होती. १८४८ मध्ये त्याने आत्महत्या केली. हा एक प्रसंग वाचला तरी बाकीच्यांनी नजर का फिरवली हे कळतं, त्यासाठी त्यांना मूर्ख ठरवावं लागत नाही.

पेस्तमध्ये सेमेलवाइसचं काम थांबलं नव्हतं हेही बहुतेक ठिकाणी गाळतात. तिथल्या संत रोखुस रुग्णालयात त्याच्या देखरेखीखाली सहा वर्षांत ९३३ बाळंतपणं झाली, त्यांत बाळंतज्वराने ८ बायका गेल्या. शेकडा एकाहूनही कमी. पण सोबतच विरोधकांना खुनी म्हणणारी जाहीर पत्रं त्याने लिहिली, आणि जे कुंपणावर होते तेही दूर गेले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात, वयाच्या ४७व्या वर्षी, जखम चिघळून रक्तदोषाने तो वारला. ज्या प्रकारच्या दोषाशी तो आयुष्यभर झगडला त्याच प्रकारच्या दोषाने.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. हाड मोडून कातडीबाहेर आलं की तेव्हा बहुधा पाय कापत. या मुलाचा पाय वाचला. लिस्टरलाही विरोध झाला, खूप झाला. पण लिस्टरने १८६७ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रुग्णांची सविस्तर टिपणं छापली. लुई पाश्चरच्या जंतूंवरच्या प्रयोगांमुळे ‘असं का होतं’ याचं उत्तर त्याच्या हाताशी होतं. विद्यार्थ्यांना आणि परदेशी शल्यचिकित्सकांना तो प्रत्यक्ष करून दाखवत राहिला, पद्धत बदलत राहिला. कार्बोलिकचा फवारा चुकीचा ठरला तेव्हा १८९० मध्ये त्याने तो जाहीरपणे सोडून दिला.

दोघांच्या नोंदी मी शेजारी-शेजारी ठेवते, कुणाला मोठं किंवा छोटं ठरवण्यासाठी नाही. खरं सांगायचं तर सेमेलवाइसच मला जास्त जवळचा वाटतो. पण एखादी गोष्ट शोधून काढणं हे एक काम आहे आणि ती लोकांच्या हातात रुजवणं हे दुसरं, हे दोघांना एकत्र वाचल्याशिवाय दिसत नाही. चरित्रांत पहिल्या कामाला पाच पानं मिळतात आणि दुसऱ्याला पाच ओळी. साचेबंदपणा इथूनच सुरू होतो.

आता दंतकथांकडे येते. माझं मत: दंतकथा गाळू नका, पण ती कुठून आली ते सांगा आणि तिच्या मागे काय झाकलं गेलंय ते दाखवा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. ती खरोखर रात्री दिवा घेऊन फिरत असे. वर्तमानपत्रातल्या वर्णनाने आणि चित्राने ते दृश्य घरोघरी पोहोचलं. फक्त तो दिवा चित्रांत दाखवतात तसा अलादिनच्या गोष्टीतला नव्हता. तो घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. मुलांना हा तपशील फार आवडतो, पण आपल्या कामाचं पुढे आहे.

क्रिमियाचं युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन नाइटिंगेलबाई तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांनी स्वच्छता, जेवण, कपडे, अंथरूण-पांघरूण या सगळ्याची घडी बसवली. तरीही त्या हिवाळ्यात मरणं वाढतच गेली. त्यांच्याच आकडेवारीप्रमाणे फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोगाची माणसं आली. रुग्णालयाखालची तुंबलेली गटारं त्यांनी साफ केली, हवा खेळती केली, पाण्याची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत आकडा शेकडा २ वर आला. म्हणजे मरणं घटली ती दिव्यामुळे नाही, एकट्या शुश्रूषेमुळेही नाही.

हे वाचून काही लोक म्हणतात, मग बाईंचं मोठेपण फुगवलेलंच म्हणायचं. मला ते अजिबात पटत नाही. त्यांचं मोठं काम १८५६ मध्ये परत आल्यावर सुरू झालं. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून त्यांनी लष्कराच्या मृत्यूंचे आकडे मांडले आणि दाखवून दिलं की क्रिमियात सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त संख्येने मेले. १८५८ मध्ये त्यांनी ते आकडे गोल, पाकळ्यांसारख्या आकृतीत छापले, म्हणजे तक्ते न वाचणाऱ्या मंत्र्यालाही एका नजरेत कळावं. लष्कराच्या आरोग्यावर शाही आयोग नेमायला लावला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यावर जो आयोग बसला त्यासाठी छावण्या-छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी पाणी, गटारं, बराकी यांची माहिती मागवली. १८६३ मध्ये तो अहवाल निघाला. हिंदुस्थानात त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. यातला बराच काळ त्या आजारी, बिछान्याला खिळलेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या, वयाच्या ९०व्या वर्षी. क्रिमियातली दोन वर्षं सगळ्यांना माहीत, नंतरची पन्नास वर्षं कुणाला नाहीत. दिव्याची गोष्ट सांगा, आणि मग तो दिवा खाली ठेवून लेखणी हातात घेतलेली बाई दाखवा.

जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरच्या पंपाचंही तसंच. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात त्याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली, असं लिहितात. दांडा ८ सप्टेंबरला काढला, पण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती. स्नोने स्वतः हे कबूल केलं आहे. त्याचा खरा पुरावा दुसरीकडे आहे. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीतल्या घरांना दोन कंपन्यांचं पाणी येई. एक कंपनी सांडपाणी मिसळलेल्या भागातून थेम्सचं पाणी उचलत होती, दुसरीने १८५२ मध्येच उपसा वरच्या अंगाला हलवला होता. स्नोने घरोघर जाऊन कुणाकडे कुठलं पाणी येतं ते विचारलं. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. दार ठोठावून ‘तुमच्याकडे पाणी कुणाचं?’ विचारणारा स्नो दांड्यापेक्षा मोठा आहे.

तुमच्या यादीत आनंदीबाई जोशी ‘भारतातली पहिली महिला डॉक्टर’ म्हणून आहेत. ‘पहिली’, ‘पहिला’ या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं, कारण चरित्रांत सगळ्यांत जास्त घोळ हाच शब्द घालतो.

आनंदीबाईंना पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनीही त्याच वर्षी वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं आणि पुढे अनेक वर्षं रुग्ण तपासले. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात झाली होती. पण त्या क्षयाने आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांचं कर्तृत्व रुग्ण किती बरे केले यात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ते दुसरीकडे आहे. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, त्यानंतर वैद्यकी शिकायचं ठरवणं. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत, लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उभं राहून मी अमेरिकेला का जाते आहे याची मुद्देसूद उत्तरं देणं. आणि मग बोटीवर चढणं.

रखमाबाईंचं नाव मात्र कितीतरी याद्यांत नसतंच, कारण त्यांच्यापुढे ‘पहिली’ लावता येत नाही असं लोकांना वाटतं. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी, बायकोने नांदायला यावं म्हणून, मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. ते म्हणाले, असा दावा लावायची सोय हिंदू धर्मशास्त्रातली नाही, ती इंग्लंडच्या कायद्यातून इथे आली आहे. अपिलात चक्र फिरलं. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करेन म्हणून कळवलं.

इथे पुन्हा विरोधकांची बाजू मांडणं आलं. ‘केसरी’ने रखमाबाईंवर सडकून टीका केली. आपल्या घरगुती आणि धार्मिक बाबींत परक्या सरकारने आणि त्यांच्या रीतींनी हात घालू नये, ही त्यामागची भूमिका. आता हे न्यायमूर्ती पिन्हींच्या निकालाशेजारी ठेवून वाचा. ज्या प्रकारच्या दाव्याने रखमाबाईंना बांधायला निघाले होते तोच मुळात परका होता. मुलांसमोर हे दोन्ही ठेवा आणि बोलू द्या त्यांना. नववीतली मुलं यावर तासभर भांडतात, मी पाहिलंय.

जुलै १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, आणि आधी सुरतेला व नंतर राजकोटला साधारण पस्तीस वर्षं बायकांना तपासत राहिल्या. १९५५ मध्ये त्या वारल्या. खटल्याची चार वर्षं इतिहासात आहेत. त्यापुढची पस्तीस वर्षं, म्हणजे त्यांचा खरा दवाखाना, नोंदीत दोन ओळींत आटोपतो. माझ्या स्वतःच्या जुन्या नोंदीतही तेच झालं होतं, नव्या आवृत्तीच्या वेळी ती मी पुन्हा लिहिली.

शेवटी अपयशाबद्दल. थोरांच्या चुका लिहायच्या की नाही असं तुम्ही विचारलेलं नाही, पण हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच. वाल्डेमार हाफकिन घ्या. १८६० मध्ये ओडेसात जन्म, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम, १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या लहानशा प्रयोगशाळेत तीनेक महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. इथपर्यंत सगळे लिहितात.

पंजाबातल्या मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळेच्या सगळे एकाच कुपीतून टोचलेले. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक अॅसिड घालायचं त्याने बंद केलं होतं आणि उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्याच्याविरुद्ध गेलं. त्याला पदावरून दूर केलं. मग कागद पुढे आले. मुलकोवालला ती कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. कुपी उघडली तेव्हा दुर्गंधी आली नव्हती, मुंबईतच ती दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत आली असती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिनच्या बाजूने पत्र लिहिलं. त्याला निर्दोष मानून परत हिंदुस्थानात बोलावलं गेलं, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्याच्याकडे पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये, परळला हलवलेल्या त्याच प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं.

मुलकोवाल गाळून हाफकिन लिहिता येत नाही. आणि ते १९ जण नुसते ‘एक दुर्दैवी घटना’ म्हणून एका शब्दात उरकताही येत नाहीत. मी त्यांचा आकडा प्रत्येक वेळी लिहिते.

आता तुमच्या भित्तिपत्रकाचं. जागा चारशे शब्दांची आहे असं तुम्ही म्हणता. एवढ्यात जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं बसवायला गेलं की उरतो तो सांगाडा, आणि सांगाडे सगळ्यांचे सारखेच. तारखा वर चौकटीत टाका आणि मजकुरासाठी आयुष्यातला एकच तुकडा घ्या, असा तुकडा ज्यात काहीतरी आधी एक होतं आणि नंतर दुसरं झालं. त्या माणसाला त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते पहिल्या दोन वाक्यांत सांगा. मदत कुणी केली त्याचं नाव घ्या. विरोध कुणी केला त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत लिहा. ‘थोर’, ‘महान’, ‘अजरामर’ हे शब्द लिहून झाल्यावर खोडा आणि वाक्य अजून उभं राहतं का पाहा. राहत नसेल तर तिथे तपशील हवा होता.

सेमेलवाइसवर चारशे शब्द लिहायचे झाले तर मी १८४७ च्या एप्रिलपासून सुरुवात करेन. शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठलेला एक विद्यार्थी, त्याच्या हाताला साबणाने न गेलेला वास. विभागाच्या दाराशी ठेवलेलं चुन्याच्या पाण्याचं घमेलं, हात धुवायला कुरकुरणारी पोरं, आणि त्यांच्यावर नजर ठेवून उभा असलेला २८ वर्षांचा डॉक्टर, ज्याला जंतू म्हणजे काय हे अजून ठाऊक नाही. मग जूनचा आकडा लिहीन, शेकडा २.२, आणि तिथेच थांबेन.